टोकावरची काळी माती

मंगळवारी सकाळी आल्मिरा वहिनी मोजणीच्या खुर्चीत बसली तेव्हा तिला सातवा महिना सरत आला होता. खुर्चीचे हात तिच्या पोटाला अडत होते. पंधरा मिनिटं हलायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगते तसं तिलाही सांगितलं.

“मी नाही हलणार गं,” ती म्हणाली, “पण आतलं हलतंय त्याला कोण सांगणार?”

मी हसले. पंधरा मिनिटांनी यंत्राच्या पडद्यावर आकडा आला आणि मी तो दोनदा वाचला. मग खोटंच म्हणाले, “वीज जरा खालीवर झाली वाटतं. पुन्हा बसशील?”

ती पुन्हा बसली. आकडा तोच. तीनशे बारा.

आमच्या वोटलाप बेटावर त्या काळात माणसामागे तीस-पस्तीस आकडा यायचा. दुकानातला भात नि डब्यातलं मटण खाणाऱ्यांचा वीस, नारळ-नीरफणसावर राहणाऱ्यांचा चाळीस. पन्नासच्या वर गेला की मी त्या माणसाला बोलावून विचारायची, काय खाल्लंस बाबा? हे सगळं खाण्यातूनच येतं. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी उत्तरेकडे बाँब फुटले, त्यांची राख आमच्या बेटांवर पडली, आणि त्या राखेतलं सीझियम मातीत राहिलं. झाडं ते मीठ समजून ओढून घेतात, आणि झाडाचं फळ खाल्लं की आपलं शरीरही तसंच फसतं. डॉक्टर लोक सीझियम म्हणतात, आम्ही नुसतं विष म्हणतो. सत्तावीस वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या बेटांवर काढली. मग गावठाणातली वरची माती खरवडून नेली, झाडांना खत घातलं, आणि आम्हाला सांगितलं, या आता. उत्तरेच्या बेटांवर मात्र पाय ठेवायचा नाही, तिथला नारळ नको, तिथला खेकडा तर मुळीच नको.

आम्ही आलो त्याला तेव्हा आठ वर्षं होत होती. मोजणीची खोली सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. चौतीस वर्षांची होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि गावात माझं नाव ‘आकडेवाली लिमेयो’ पडलं होतं.

“किती आला?” वहिनीनं विचारलं.

“डॉक्टर बघून सांगतील,” मी म्हणाले. तिची आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिच्या तोंडावर तो आकडा फेकायची माझी छाती झाली नाही.

डॉक्टर लँड्री वर्षातून एकदा यायचे, दोन आठवडे राहायचे. साठीचे, उन्हानं लाल झालेले, हळू बोलणारे. त्या फेरीत वहिनी अकरावी होती. आधीच्या दहांचे आकडे दीडशे ते चारशेच्या मधले, आणि बाकी दोनशे माणसं नेहमीसारखी. त्यांनी अकरा कागद टेबलावर ओळीनं मांडले.

“लिमेयो, हे लोक उत्तरेला जातात. खेकडे आणतात. दुसरं काही असू शकत नाही.”

“मला तसं वाटत नाही, डॉक्टर.”

“तुम्हाला काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. शुक्रवारी विमान येतंय. कारण सापडलं तर मी कारण लिहीन. नाही सापडलं तर ‘स्रोत अज्ञात’ लिहावं लागेल, आणि त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. कारण सापडेपर्यंत मुलं आणि पोटुशा बायका बेटावरून हलवायच्या, असा नियम होता. मुलं गेली की आया जाणार, आया गेल्या की गाव जाणार. एकदा गेलेलं गाव परत यायला आम्हाला सत्तावीस वर्षं लागली होती.

त्याच दुपारी मेयर ओबेतनं सगळ्यांना चर्चसमोरच्या सावलीत बोलावलं. ओबेत माणूस चांगला, पण आवाज बोटीच्या भोंग्यासारखा.

“कुणी खाल्ले खेकडे? सांगून टाका! मी काही बोलणार नाही!”

“आत्ताच बोलतोयस की,” मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

“हसा, हसा! विमानातून जाताना पण हसा!”

मग हसू थांबलं. तरण्या पोरांकडे लोक तिरक्या नजरेनं बघायला लागले. माझा भाऊ रेमोस उठला. “माझ्या बायकोचा आकडा आलाय म्हणे मोठा. मी उत्तरेला गेलो असेन तर माझी होडी मला घेऊन बुडू दे. तिला खेकड्याचा वास आला तरी उलटी होते गेले पाच महिने!”

“मग काय हवा खाल्ली तिनं?” एक म्हातारा म्हणाला.

रेमोस त्याच्या अंगावर गेला. दोघातिघांनी धरलं म्हणून बरं.

मी घरी आले, अकरा नावं एका कागदावर लिहिली आणि बघत बसले. लिबोन आजी, तोंडात एक दात नाही. दीड वर्षाचं एक पोर. छातीच्या दुखण्यातून उठलेला शाळेचा मास्तर. दोन ओल्या बाळंतिणी. पायाची जखम चिघळलेला एक कोळी. माझी वहिनी. अशी अकरा. यांतला एकही वादळी समुद्रात होडी घालून उत्तरेला जाण्यातला नव्हता. सगळे अशक्त. सगळे कुणीतरी काळजीनं भरवावं असे.

आणि मग माझ्या लक्षात आलं की गावात आजाऱ्याला, लेकुरवाळीला, दात नसलेल्याला काय भरवतात. माडाच्या पोईचं, म्हणजे कोवळ्या फुलोऱ्याचं, टोक कापून नीरा काढायची, ती मंद आचेवर आटवून काकवी करायची, आणि चमचा चमचा द्यायची. आणि ती काकवी गावात सगळ्यात चांगली कोण करतं, हे दीड वर्षाच्या पोरानंही सांगितलं असतं. माझी आई.

आमच्या फळीवर तिची एक बाटली होतीच. मी ती उचलली तेव्हा आई चुलीशी होती.

“कुठे नेतेस?”

“डॉक्टरांना चव बघायची आहे,” मी म्हणाले. एका दिवसातलं दुसरं खोटं.

बुधवारी डॉक्टर उठायच्या आत मी मोजणीची खोली उघडली. शेजारच्या घरातून त्यांच्या परसातल्या माडाची काकवी आणली होती. आधी ती बाटली खुर्चीवर ठेवली. पंधरा मिनिटं. आकडा जवळजवळ काहीच नाही. मग आईची ठेवली. रिकाम्या खुर्चीत ती लहानशी बाटली टेकून ठेवलेली बघताना मला वाटलं, देवा, माझं चुकलेलं असू दे. दोन मिनिटांतच पडद्यावरची रेघ वर चढायला लागली. मला पुढची तेरा मिनिटं बघवली नाहीत. मी दारात जाऊन उभी राहिले.

डॉक्टर आले, त्यांनी पडदा बघितला, बाटली बघितली.

“कुणाची आहे?”

“माझ्या आईची.”

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, “म्हणजे तुमची आई उत्तरेच्या माडांची—”

“माझी आई बासष्ट वर्षांची आहे, डॉक्टर. तिला गुडघे दुखतात म्हणून चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. ती उत्तरेला जाईल?”

“मग हे माड कुठले?”

मला ठाऊक होतं कुठले. गावाच्या वाऱ्याकडच्या टोकाला मामानं लावलेली माडांची रांग होती. लायजेक मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, आमच्या कुळाचा कर्ता, जमिनीवरचा त्याचा शब्द अखेरचा. त्याचे ते चाळीसेक माड इतर माडांपेक्षा दीडपट वाढले होते, पानं काळपट हिरवी. वर्षभरापूर्वी पहिल्यांदा त्यांना पोय आली, पोरांनी नीरा उतरवून आणली आणि आई म्हणाली होती, अशी गोड नीरा मी लहानपणानंतर चाखली नाही.

डॉक्टर आणि मी फावडं आणि हातातलं छोटं मोजयंत्र घेऊन टोकाला गेलो. वारा इतका की बोलणं ऐकू येईना. वरती पोवळ्याची पांढरी खडी होती. यंत्र गप्प होतं, अधूनमधून एखादी टिकटिक. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. “इथे काही नाही,” ते म्हणाले.

“खणू या.”

खडी फार नव्हती. गुडघ्याइतकं खाली गेलो आणि फावड्याला मऊ लागलं. काळी माती. आमच्यासारख्या पोवळ्याच्या बेटावर काळी माती इतकी खोल, इतकी जाड कुठेही नसते. मी यंत्र खड्ड्यात धरलं आणि ते तडतडायला लागलं, तव्यावर मीठ टाकल्यासारखं.

डॉक्टर खड्ड्याच्या काठावर बसले. “आकाशातून पडलेलं विष वरच्या चार बोटांत असतं,” ते म्हणाले. “खाली जाल तसं कमी होतं. मी तीस वर्षं हेच बघतोय. इथे उलटं आहे.”

“म्हणजे ते पडलेलं नाही.”

“नाही. कुणीतरी आणून टाकलंय. आणि वर खडी पसरलीय.”

गावठाण खरवडलं तेव्हाची ती माती होती. कागदावर ती मालवाहू बार्जमध्ये भरून दूर नेल्याची नोंद होती. मी स्वतः ती नोंद वाचली होती. खरवडायचं काम बाहेरच्या एका ठेकेदारानं केलं, पण मशीन चालवायला आमच्यातला एकच माणूस घेतला होता. त्याचा फोटो अजून मामाच्या घरात होता. पिवळ्या मशीनवर बसलेला, डोक्यावर टोपी, छाती फुगवून.

“मला उद्यापर्यंत वेळ द्या,” मी डॉक्टरांना म्हणाले.

“शुक्रवारी सकाळी विमान आहे.”

“उद्यापर्यंतच मागतेय.”

गुरुवारी सकाळी मामा होड्यांच्या छपरात बसून जाळं सांधत होता. मी समोर बसले आणि मुठीतली काळी माती त्याच्या पुढ्यात ठेवली.

त्यानं ती बघितली. जाळं खाली ठेवलं नाही. “कुठे खणलंस?”

“तुम्हाला माहीत आहे कुठे.”

दोन गाठी त्यानं आणखी मारल्या. मग हात थांबले.

“बार्ज मोडली होती,” तो म्हणाला. “दोन महिने ढीग तसेच पडलेले. मुकादम म्हणाला, मला पुढच्या आठवड्यात जहाज पकडायचंय, टाक कुठेही, मी लिहितो बार्जवर चढली म्हणून. मी म्हटलं, समुद्रात ढकलू? तो म्हणाला, ढकल.”

“मग ढकलली का नाही?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “तुला काय ठाऊक गं काळी माती म्हणजे काय. माझ्या आजीनं, तिच्या आजीनं, पानं कुजवून, राख घालून, टोपलीनं वाहून वाहून केलेली ती माती. हातभर व्हायला दोनशे वर्षं लागतात. आणि एक परका माणूस चिरूट ओढत सांगतो, समुद्रात ढकल! मी चालवत होतो मशीन. माझ्याच हातानं मी माझ्या आजीला खरवडत होतो. नाही टाकवली मला. टोकाला नेली, वर खडी घातली. म्हटलं, वारा असतो, पाऊस असतो, जाईल विष हळूहळू. दुसऱ्या वर्षी नारळ रुजत घातले. बघितलेस ना कसे आलेत?”

“बघितले. वहिनीचा आकडा पण बघितला.”

“तिचा?” त्यानं जाळं बाजूला ठेवलं. “आल्मिरेचा?”

“तिचा, लिबोन आजीचा, मास्तरांचा. आईनं ज्यांना ज्यांना काकवी दिली त्यांचा.”

तो उठला. छपराच्या खांबाला धरून उभा राहिला. पण जेव्हा वळला तेव्हा चेहरा घट्ट होता. कुळाच्या सभेत असायचा तसा.

“हे बघ, लिमेयो. तुझा डॉक्टर खेकडे म्हणतोय ना? तर खेकडेच होते. मी आणले उत्तरेहून. मी वाटले. ओबेतला मी सांगतो, चर्चसमोर सांगतो. मला काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत.”

“मामा!”

“ऐक. खेकडे म्हटलं की दोष एका म्हाताऱ्याचा. गाव जागेवर राहतं. माती म्हटलं की? म्हणतील, बेटच खराब आहे, चला उचला. तू परक्या बेटावर जन्मलीस म्हणून तुला ती भूक आठवत नाही. मला आठवते. माझा धाकटा भाऊ आम्ही तिथे पुरला, दुसऱ्यांच्या वाळूत, जागा मागून. मी पुन्हा कुणाला जागा मागणार नाही.”

“आणि माड?”

“माड मी आज तोडतो. कुऱ्हाडीला लावलीय बघ धार. सांगीन, किडले होते.”

खरं सांगते, मी विरघळले. त्याच्या बोलण्यात कुठे फट दिसत नव्हती. माड तुटणार, काकवी थांबणार, महिना-दोन महिन्यांत लोकांचे आकडे उतरणार, गाव राहणार. एक खोटं कागदावर, तेही अशा कागदांवर ज्यांच्यावर आधीच ढीगभर खोटं होतं. मी म्हणाले, “मी आईकडच्या बाटल्या गोळा करते.” त्यानं मान हलवली आणि कुऱ्हाड उचलली.

आई अंगणात केवड्याची पानं वाळत घालत होती. मी तिला बसवलं आणि सांगितलं. काय नि कसं ते सगळं. मामाचं नाव मात्र घेतलं नाही, नुसतं ‘टोकाचे माड’ म्हणाले.

ती हातातलं पान सरळ करत राहिली, करत राहिली, मग ते पान मधोमध फाटलं.

“लिबोनला मी स्वतःच्या हातानं भरवते,” ती म्हणाली. “सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. म्हणते, जेल्तान, तुझ्यामुळे अंगात जीव आला.”

“आई, तुला ठाऊक नव्हतं.”

“आल्मिरेला तर मी जास्तच देत होते. म्हटलं, या वेळी पोट राहू दे तिचं.”

मग ती रडली. मी तिचे हात धरून बसले. थोड्या वेळानं मी विचारलं, “आणखी कुणाला दिलीस? एकूण एक सांग.” ती बोटांवर मोजायला लागली. माझ्या यादीतली अकराच्या अकरा नावं आली. मला हायसं वाटलं.

“आणि चार बाटल्या एबायला,” ती म्हणाली.

“काय?”

“मागच्या जहाजानं पाठवल्या. कियोरिनाला. तिची पोर नऊ महिन्यांची झाली ना, अंगावरचं दूध आटलंय म्हणत होती.”

कियोरिना मामाची मुलगी. एबाय बेटावर नवऱ्याच्या घरी राहायची. जहाज जाऊन पाच आठवडे झाले होते.

मी धावत टोकाला गेले. मामानं पाच माड पाडले होते. अंगातला सदरा घामानं चिकटलेला. मी सांगितलं तेव्हा कुऱ्हाड त्याच्या हातातच होती आणि ती त्यानं खाली ठेवली नाही, तिच्यावर भार देऊन उभा राहिला.

“तिला निरोप धाड,” तो म्हणाला. “फेकून दे म्हणावं, आंबलीय म्हणावं.”

“कशी धाडू? जहाज महिन्यानं. वायरलेसवर बोलले तर सगळी बेटं ऐकतात. आंबलीय म्हटलं तर कियोरिना काय करेल? वास घेईल, चाखेल, म्हणेल, आत्याला उगाच शंका, छान तर आहे. तुमच्या घरातली बाई आहे, अन्न फेकेल का?”

त्यानं कुऱ्हाड पडलेल्या खोडात रोवली.

“आणि पोरीची मोजणी करायला हवी. काय सांगून करू? खेकडे पाठवले होते म्हणून?”

वारा जोरात होता. पडलेल्या माडांच्या झावळ्या जमिनीवर सळसळत होत्या. मामानं एकदा बेटांच्या कड्यातल्या शांत समुद्राकडे बघितलं, एकदा बाहेरच्या.

“वायरलेस किती वाजता लागतो?” त्यानं विचारलं.

“चारला.”

वायरलेस ओबेतच्या घरात होता. चारला सगळी बेटं एकाच लहरीवर येतात, कुणाचं जहाज कुठे, कुणाचं लग्न, कुणाची मयत. खोलीत ओबेत, मी, डॉक्टर, आई आणि दारात निम्मं गाव. मामा आंघोळ करून चर्चला घालायचा पांढरा सदरा घालून आला होता. ओबेतनं विचारलं, “काय काम आहे, लायजेक?”

“सरक,” मामा म्हणाला आणि माइक हातात घेतला.

त्यानं आपलं नाव सांगितलं, कुळ सांगितलं, बेट सांगितलं. मग म्हणाला, “एबायवर माझी लेक कियोरिना आहे. जो ऐकतोय त्यानं धावत जाऊन तिला बोलवावं. मी थांबतो.”

आम्ही थांबलो. सगळी लहर थांबली, एकानंही मध्ये तोंड घातलं नाही. खरखर तेवढी ऐकू येत होती. आई भिंतीला टेकून उभी होती, तिचा हात माझ्या दंडात रुतलेला. दहा मिनिटं गेली असतील. मग धापा टाकणारा आवाज आला.

“बाबा? काय झालं? कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. आत्यानं पाठवलेली काकवी. पोरीला देतेस?”

“देते की. अहो, चांगलं बाळसं धरायला लागलीय ती. दोन बाटल्या संपल्या, तिसरी—”

“देऊ नकोस!” तो ओरडला. मग आवाज खाली आणला. “आत्ता घरी जा, उरलेल्या बाटल्या बंद कर आणि बाजूला ठेव. फेकू नकोस, तपासायच्या आहेत. त्यात विष आहे. ते तुझ्या आत्यानं घातलं नाही. मी घातलं. गावठाणातली खरवडलेली माती बार्जवर गेली नाही. मी ती टोकाला लपवली, त्यावर माड लावले. डॉक्टरांना माहीत नव्हतं, ठेकेदाराच्या कागदावर खोटं आहे, आणि मला हे दहा वर्षं माहीत आहे. सगळ्या बेटांवर जे ऐकतायत, ज्यांच्याकडे वोटलापची काकवी असेल, त्यांनी ती खाऊ नये.”

मग कियोरिना म्हणाली, “बाबा, तिला काय होईल?”

मामानं माइक माझ्यापुढे धरला.

मी तिला सांगितलं जे खरं होतं. लहान पोरांच्या अंगातून हे लवकर निघून जातं. देणं थांबलं की आकडा महिन्याभरात निम्म्याहून खाली येतो. उद्या डॉक्टर विमानानं तिकडेच येतायत, मीही येते. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, असंही सांगितलं, कारण तिनं तेही विचारलं.

दारातली गर्दी बाजूला झाली आणि मामा त्यांच्यामधून बाहेर गेला. रेमोस तेवढा पुढे झाला. मला वाटलं, आता हात टाकतो. पण तो मामाच्या पायाशी थुंकला आणि बायकोला घेऊन निघून गेला.

डॉक्टरांनी रात्रीत अहवाल पुन्हा लिहिला. सकाळी विमानात त्यांनी तो मला वाचायला दिला. “स्रोत: बेटाच्या टोकावर पुरलेली माती, अंदाजे अर्धा एकर. गाव हलवण्याची गरज नाही.” खेकड्यांचा उल्लेखही नव्हता. मामाला जी भीती होती ती खोटी ठरली, आणि ते वाचताना मला रडू आलं, कारण स्रोत सापडलेला नसता तरच गाव उठलं असतं; खरं सांगितल्यानं ते राहिलं.

कियोरिनाच्या पोरीचा आकडा तिच्या वजनाच्या मानानं सगळ्यांत जास्त निघाला. मी तिथे सहा आठवडे राहिले, दर सोमवारी तिला आईच्या मांडीवर बसवून मोजायची. दर सोमवारी तो उतरला. कियोरिना माझ्याशी बोलायची, पण वडिलांविषयी शब्द काढायची नाही. वायरलेस लागायची वेळ झाली की उठून मागच्या दारी जायची.

आल्मिराला नोव्हेंबरात मुलगी झाली. लहान, पण आवाज मोठा. ती मुलगी आता स्वतः दोन लेकरांची आई आहे. तिच्या तब्येतीविषयी लोक मला अजून विचारतात, जणू माझ्या मोजणीच्या वहीत तिचं एखादं जास्तीचं पान असावं. तसं काही नाही.

मामाची मात्र दोन वर्षं वाईट गेली. चर्चमध्ये तो बसायचा त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. आई त्याच्याकडे जेवण पाठवायची, पण स्वतः जायची नाही. कुळाच्या सभेत त्यानं कर्तेपण सोडतो म्हणून सांगितलं, आणि ‘नको’ म्हणायला कुणीही तोंड उघडलं नाही.

मग बार्ज आली. ती खरोखर आली, हे बघायला सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. खणायला आलेले लोक परके होते आणि त्यांच्या नकाशावर एक चौकोन आखलेला होता. पहिल्या दिवशी मामा टोकाला गेला आणि मशीनसमोर उभा राहिला. चालक हॉर्न वाजवायला लागला. ओबेतनं मला बोलावणं धाडलं, जाऊन बघ म्हातारा काय म्हणतोय.

“त्याला सांग, चौकोन चुकलाय,” मामा मला म्हणाला. “डावीकडे अजून वीस पावलं आहे. तिथे मी शेवटचे गाडे ओतले होते, अंधार पडत आला होता, खडी नीट पसरली नाही.”

मी यंत्र घेऊन वीस पावलं गेले. तडतड सुरू झाली. चालकानं नकाशा घडी घालून खिशात टाकला.

अकरा दिवस मामा तिथे उन्हात उभा होता. इथून, अजून खाली, इकडे नाही, तिकडे. सातव्या दिवशी आई जेवणाचं भांडं घेऊन टोकाला आली. गुडघे धरत, थांबत थांबत. भांडं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “भर उन्हात टोपी नाही डोक्यावर. अक्कल कधी येणार तुला, दादा?”

मामा खाली बसला आणि जेवायला लागला. ती शेजारी उभी राहून मशीनकडे बघत होती. बादलीतून काळी माती बार्जमध्ये पडत होती, आणि प्रत्येक बादलीला तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती की काही म्हणत होती, ते मी विचारलं नाही.